अंगावरचा नंबर आणि आतला माल : बनावट इलेक्ट्रॉनिक पार्टचा आढावा

इलेक्ट्रॉनिक पार्टची ओळख त्याच्या अंगावर छापलेल्या नंबरावरून पटते, आणि बनावटीचा सगळा धंदा याच एका गोष्टीवर उभा आहे. ट्रान्झिस्टर आणि आयसीमधला सिलिकॉनचा तुकडा काळ्या प्लॅस्टिकात बंद असतो, कंडेन्सरमधली गुंडाळी अॅल्युमिनियमच्या डब्यात. घेणाऱ्याला दिसतो तो नंबर, कंपनीचे चिन्ह आणि चार आकडी तारीख. एवढे छापायला लेसरचे छोटे यंत्र पुरते, पूर्वी तर नुसती शाई पुरत असे. म्हणून बनावट ओळखण्याच्या सगळ्या पद्धतींचे मूळ तत्त्व एकच राहते : जे छापता येते त्याची पडताळणी जे छापता येत नाही त्याच्याशी करायची. आकार, वजन, आतल्या सिलिकॉनचे क्षेत्रफळ, गेटची धारकता, भार दिल्यावर उतरणारे व्होल्टेज या गोष्टी छापता येत नाहीत.

अभ्यासकांनी बनावट पार्टचे सात गट पाडले आहेत : जुन्या बोर्डांवरून काढून नवे म्हणून विकलेले, दुसऱ्याच नंबरावर नवा नंबर चढवलेले, कंत्राटी कारखान्याने ठरलेल्यापेक्षा जास्त काढून परस्पर विकलेले, तपासणीत नापास होऊनही बाजारात आलेले, नक्कल करून मूळ कंपनीच्या नावाने विकलेले, कागदपत्रे खोटी असलेले आणि आत मुद्दाम फेरफार केलेले. शेवटचा गट संरक्षण खात्यांची झोप उडवतो. दुरुस्तीच्या दुकानाला मात्र पहिले दोन आणि पाचवा एवढेच रोज भेटतात, आणि एकाच पार्टमध्ये पहिले दोन एकत्रही सापडतात.

उदाहरणार्थ, बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले बीबी हे जालना–सिंदखेडराजा–मेहकर रस्त्यावरचे गाव. अशा गावातल्या दुरुस्तीच्या टेबलावर येणारी यंत्रे शहरातल्यापेक्षा वेगळी असतात. लग्नसराईतले आणि गणपतीतले साउंड अँप्लिफायर, इन्व्हर्टर, बॅटरीवरचे फवारणी पंप, रोही आणि रानडुकरांसाठी शेताच्या तारेला लावायची झटका मशीन, पाणबुडी मोटरचे पॅनेल, टीव्हीचे पॉवर सप्लाय. यातला जवळजवळ प्रत्येक बिघाड एखाद्या पॉवर ट्रान्झिस्टरवर, मॉस्फेटवर किंवा कंडेन्सरवर येऊन थांबतो, आणि सर्वांत जास्त बनावटही याच तीन मालांत आढळते. हा योगायोग नाही. हे पार्ट जळतात म्हणून खपतात, खपतात म्हणून त्यांची नक्कल परवडते.

माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा दिल्लीहून निघतो आणि शेजारच्या मोठ्या शहरातल्या ठोक दुकानातून सुट्या पुडीत गावापर्यंत येतो. प्रत्येक टप्प्यावर मूळ खोके, रीळ, लॉटचे लेबल, बिल यांपैकी काहीतरी गळते. शेवटच्या दुकानात उरतात ते प्लॅस्टिकच्या पिशवीतले दहा-वीस नग आणि ‘ओरिजनल पाहिजे की कॉपी?’ हा प्रश्न. या प्रश्नात प्रामाणिकपणा आहे, पण तो अर्धा. दुकानदाराला त्याच्या आधीच्याने ‘ओरिजनल’ म्हणून दिलेला मालही अनेकदा कॉपीच असतो आणि ते त्याला ठाऊक नसते.

बनावटीला कच्चा माल पुरवते ई-कचऱ्याची साखळी. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले ग्वीयू हे गाव यासाठी जगभर कुप्रसिद्ध झाले. तिथे जगातून आलेले जुने बोर्ड शेगडीवर तापवून आयसी झाडून काढत, धूत, आकारानुसार वर्गवारी करत. मग वरचा नंबर घासून टाकायचा, त्यावर काळा लेप द्यायचा आणि जास्त किमतीचा किंवा नवीन तारखेचा नंबर टाकायचा, ही पुढची पायरी. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेना समितीने २०११ मध्ये याची चौकशी केली. मे २०१२ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात संशयित बनावट पार्टची सुमारे १,८०० प्रकरणे आणि त्यांत मिळून दहा लाखांहून जास्त नग नोंदवले आहेत. ज्या पार्टचा माग काढला त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिकांचा उगम चीनमध्ये निघाला. वाहतूक विमाने आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरपर्यंत हा माल पोचला होता. जिथे प्रत्येक नगाची कागदपत्रे ठेवली जातात तिथे ही गत असेल, तर सुट्या पुडीच्या बाजाराबद्दल वेगळे सांगायला नको.

बनावट माल फोफावण्याचे दुसरे कारण म्हणजे उत्पादन बंद होणे. कंपनी एखादा पार्ट पंधरा-वीस वर्षांनी थांबवते, पण तो बसवलेले यंत्र गावात आणखी वीस वर्षे चालते. मागणी उरते, अधिकृत पुरवठा संपतो आणि मधली जागा बनावट माल भरून काढतो. २०२० ते २०२२ या काळात चालू उत्पादनातल्या चिपचाही जागतिक तुटवडा पडला, तेव्हा एरवी अधिकृत वितरकाकडूनच घेणारे कारखानेही खुल्या बाजाराकडे वळले.

ओळखण्याची सुरुवात छपाईपासूनच होते. ती शेवटचा पुरावा नसली तरी सर्वांत स्वस्त पुरावा आहे. बहुतेक आयसींवर चार आकडी तारीख असते : पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. १४३२ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. वर्षाला बावन्न, क्वचित त्रेपन्न आठवडे. त्यामुळे १४५८ असे छापले असेल तर पुढे पाहण्याचे कारण उरत नाही. काही कंपन्या तारीख अक्षरांत किंवा स्वतःच्या संकेतात लिहितात, म्हणून चार आकडे नाहीत एवढ्यावरून पार्ट खोटा ठरत नाही. उलट एकाच पिशवीतल्या सगळ्या नगांची तारीख आणि लॉट एकच, पण खालच्या बाजूचे साच्याचे खुणाक्रमांक, देशाचे नाव किंवा पायांची जाडी वेगवेगळी, असे दिसले तर तो माल निरनिराळ्या बोर्डांवरून गोळा केलेला आहे हे जवळजवळ नक्की.

तारखेचा खरा उपयोग कंपन्यांच्या इतिहासाशी जुळवून पाहण्यात आहे, आणि बनावट करणारा इथे हमखास घसरतो, कारण तो जुन्या नावाची पत विकत असतो. मोटोरोलाने ट्रान्झिस्टर-डायोडचा धंदा १९९९ मध्ये वेगळा केला आणि तो ऑन सेमिकंडक्टर झाला. त्यामुळे मोटोरोलाचा ‘एम’ आणि सोबत २०१२ची तारीख असलेला २एन३०५५ ट्रान्झिस्टर खरा असू शकत नाही. आरसीएचा सेमिकंडक्टर विभाग १९८८ मध्ये हॅरिसकडे गेला. सीमेन्सचा विभाग १९९९ मध्ये इन्फिनिऑन झाला, फिलिप्सचा २००६ मध्ये एनएक्सपी. नॅशनल सेमिकंडक्टर २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली, फेअरचाइल्ड २०१६ मध्ये ऑनने आणि अॅटमेल त्याच वर्षी मायक्रोचिपने. सान्योचा सेमिकंडक्टर धंदा जानेवारी २०११ मध्ये ऑनकडे गेला. तरीही सान्योच्या नावाचा कोराकरकरीत एलए४४४० हा अँप्लिफायरचा आयसी आजही कोणत्याही दुकानात मागाल तितका मिळतो. कंपनी विकली की चिन्ह लगेच बदलते असे मात्र नाही. इंटरनॅशनल रेक्टिफायर २०१५ मध्ये इन्फिनिऑनमध्ये गेली, तरी तिचे ‘आयआर’ चिन्ह मॉस्फेटवर पुढेही येत राहिले. म्हणून चिन्ह आणि तारीख यांत एक-दोन वर्षांचे अंतर असेल तर नुसती शंका घ्यावी, दहा वर्षांचे असेल तर माल परत करावा. अशीच एक तारीख शिशाची. युरोपातला शिसेबंदीचा नियम १ जुलै २००६ पासून लागू झाला आणि कंपन्यांनी त्याच्या आगेमागे पायांवरचा मुलामा बदलला. नव्वदच्या दशकातल्या तारखेच्या पार्टवर शिसेमुक्त असल्याचे चिन्ह दिसणे विसंगत आहे.

पुढची पायरी दहा पट भिंगाची आणि अॅसिटोनची. घासून पुन्हा लेप दिलेल्या आयसीचा वरचा पृष्ठभाग आणि खालचा पृष्ठभाग यांचा पोत जुळत नाही. वरचा जास्त काळा, जास्त गुळगुळीत किंवा बारीक वाळूसारखा खरखरीत असतो. घासताना एकाच दिशेने ओरखडे उठतात आणि ते कडेपाशी लेपाखालून डोकावतात. पहिल्या पायाची खूण असलेला गोल खळगा सर्वांत बोलका. साच्यातून आलेला खळगा स्वच्छ, सारख्या खोलीचा आणि तळाला चकचकीत असतो. घासलेल्या आयसीत तो उथळ होतो आणि लेपाने अर्धवट बुजतो. कापसाच्या बोळ्यावर अॅसिटोन घेऊन वरची बाजू चोळली आणि बोळा काळा झाला तर लेप निघाला. खऱ्या साच्याच्या प्लॅस्टिकाचा रंग अॅसिटोनने सुटत नाही. जुन्या शाईची छपाई खऱ्या पार्टवरूनही पुसट होऊ शकते, म्हणून अक्षरे गेली याला महत्त्व कमी. काळा थर गेला याला जास्त. ज्या बनावट लेपांवर अॅसिटोन चालत नाही त्यांच्यासाठी प्रयोगशाळा अधिक तीव्र द्रावणे तापवून वापरतात. ती विषारी असतात आणि दुकानाच्या टेबलावर त्यांचे काम नाही. तिथे पात्याने कडेचा लेप खरवडून पाहणे पुरते.

पाय पाहायला विसरू नये. एकदा बसवून काढलेल्या आयसीच्या पायांच्या खांद्याशी सोल्डरचे अवशेष राहतात. ते झाकण्यासाठी पाय पुन्हा कथलात बुडवले असतील तर मुलामा जाड, कडेला थेंबासारखा आणि खांद्यापर्यंत चढलेला दिसतो. कारखान्यात पाय कापल्यावर टोकाशी उघडा पडणारा तांब्याचा रंगही मग दिसत नाही. मात्र बोर्डावरून काढलेला प्रत्येक पार्ट टाकाऊ नसतो. बंद पडलेल्या जुन्या जपानी अँप्लिफायरमधून काढलेला, तपासलेला आणि ‘काढलेला’ म्हणूनच विकलेला ट्रान्झिस्टर पुडीतल्या नव्या कॉपीपेक्षा अनेकदा चांगला चालतो. फसवणूक तो नवा म्हणून विकण्यात आहे.

पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये छपाई तपासून फारसे हाती लागत नाही, कारण इथे बहुतेक माल घासलेला नसून मुळातच नक्कल म्हणून बनवलेला असतो. साउंडवाल्यांची ‘५२००-१९४३’ची जोडी हे याचे ठळक उदाहरण. तोशिबाच्या २एससी५२०० आणि २एसए१९४३ या जोडीची मर्यादा २३० व्होल्ट, १५ अँपिअर आणि केस २५ अंशांवर ठेवली तर १५० वॉट. या नंबराचा पार्ट एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सनेही स्वतःच्या नावाने बनवला आहे, तेव्हा तोशिबा लिहिलेले नाही म्हणून तो खोटा नव्हे. नकली नगाचे बाह्य रूप तेच असते, पण आत बराच लहान सिलिकॉनचा तुकडा बसवलेला असतो. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर तो पास होतो, कमी आवाजावर अँप्लिफायर वाजतोही. आवाज चढवला की उष्णता त्या लहान तुकड्यातून बाहेर पडू शकत नाही. हीटसिंक अजून कोमट असतानाच ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो आणि सप्लायचे पूर्ण व्होल्टेज स्पीकरच्या कॉइलवर येते. हीटसिंक थंड असताना गेलेला ट्रान्झिस्टर ही नकलीची मोठी खूण आहे. मेकॅनिक मात्र बहुधा ड्रायव्हर बोर्डाला दोष देऊन पुन्हा तीच जोडी बसवतात.

गेलेल्या नगातून शिकता येते. तो पकडीत धरून फोडला की तुकडा दिसतो. खऱ्या आणि खोट्या नगाच्या तुकड्यांच्या क्षेत्रफळातला फरक मोजपट्टीशिवायही कळतो. लोखंडी टोपीच्या २एन३०५५ची टोपी हॅकसॉने कापून हेच पाहतात; नकलीत तळ पातळ पत्र्याचा असतो आणि नग हातात हलका लागतो. सगळेच ट्रान्झिस्टर असे फोडू नयेत. वायरलेसच्या काही पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये बेरिलियम ऑक्साइडची पांढरी चकती असते आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

न फोडता पारखायचे तर भार द्यावा लागतो. त्यासाठी बारा व्होल्टची बॅटरी, हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब आणि २२ ओहमचा दहा वॉटचा रेझिस्टन्स एवढे सामान पुरते. बल्ब कलेक्टरमध्ये, रेझिस्टन्स बॅटरीच्या धन टोकापासून बेसला, एमिटर ऋण टोकाला. एनपीएन ट्रान्झिस्टरला अशा जोडणीत बेसमधून सुमारे अर्धा अँपिअर जातो आणि बल्बमधून साडेचार अँपिअरच्या आसपास. बल्ब पूर्ण पेटल्यावर कलेक्टर आणि एमिटर यांच्यातले व्होल्टेज मोजायचे. २एन३०५५च्या डेटाशीटमध्ये चार अँपिअरला याची कमाल १.१ व्होल्ट दिली आहे, आणि चांगला नग त्याच्या बराच खाली असतो. २एससी५२००ही इतक्या प्रवाहाला व्होल्टच्या काही दशांशांतच बसतो. व्होल्टेज दीड-दोन व्होल्ट आले, किंवा बल्ब मंदच राहिला, तर आतला तुकडा नंबराला शोभणारा नाही. पीएनपी असलेल्या १९४३साठी बॅटरीची टोके उलटी करायची. ही चाचणी काही सेकंदांतच उरकावी.

मॉस्फेटच्या बाबतीत काम आणखी सोपे आहे. इन्व्हर्टरमध्ये आयआरएफ३२०५ आणि आयआरएफझेड४४एन हे नंबर भरपूर वापरले जातात. पहिल्याचा चालू अवस्थेतला रोध ८ मिलिओहम, दुसऱ्याचा १७.५. रोध कमी हवा तर सिलिकॉन मोठे लागते, आणि सिलिकॉन मोठे तर गेटची धारकताही मोठी. आयआरएफ३२०५ची ती डेटाशीटनुसार सुमारे ३,२५० पिकोफॅरड, झेड४४एनची सुमारे १,४७०. हातातला स्वस्त कॉम्पोनंट टेस्टर हा आकडा पडद्यावर दाखवतो. डेटाशीटमधले मोजमाप ड्रेनवर २५ व्होल्ट ठेवून घेतलेले असते आणि टेस्टर ते शून्याजवळ घेतो, त्यामुळे खऱ्या नगाचे वाचन डेटाशीटपेक्षा जास्तच यायला हवे. ‘३२०५’ लिहिलेल्या मॉस्फेटने दीड-दोन हजारच दाखवले, तर तो लहान मॉस्फेटवर मोठा नंबर टाकलेला नग आहे. त्याने इन्व्हर्टर चालू होईल, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की बसेल.

कंडेन्सरची बनावट सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी कौशल्याची. मोठ्या डब्यात लहान कंडेन्सर ठेवून वरून नवे आवरण चढवणे, ८५ अंशांच्या मालावर १०५ अंश छापणे, व्होल्टेज वाढवून लिहिणे, हे तिचे प्रकार. पॉवर सप्लायचा १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मोजायला साध्या मल्टिमीटरची रेंज पुरत नाही. तिथे घड्याळ वापरता येते. १० किलोओहमच्या रेझिस्टन्समधून रिकामा कंडेन्सर चार्ज करायला लावायचा आणि दिलेल्या व्होल्टेजच्या ६३ टक्क्यांपर्यंत चढायला किती वेळ लागतो ते पाहायचे. १०,०००ला शंभर सेकंद, ४,७००ला सत्तेचाळीस. वीस टक्के इकडेतिकडे मान्य, कारण तेवढी सूट कंपनीच देते. व्होल्टेजचा खोटेपणाही याच जोडणीत पकडता येतो. बदलत्या सप्लायने व्होल्टेज हळूहळू वाढवत नेले की खरा कंडेन्सर छापलेल्या मर्यादेपर्यंत चढतो; २५ व्होल्टच्या मालावर ५० लिहिले असेल तर तो मधेच अडतो, गळती वाढते आणि अंग गरम होऊ लागते. तिथेच थांबावे, डबा फुटू शकतो.

शेतीपंपाचा कंडेन्सर, म्हणजेच कॅपॅसिटर, हा वेगळा आणि बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात जास्त महत्त्वाचा विषय. ऑटोस्विच काढा आणि पंपाला कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण दर हंगामात सांगत असते, कारण मोटर ओढत असलेला निरुपयोगी प्रवाह कॅपॅसिटरने कमी होतो, तारेतला व्होल्टेजचा उतार घटतो आणि रोहित्र वाचते. शेतकरी पैसे खर्चून तो बसवतो आणि फरक काहीच पडत नाही, तेव्हा दोष सल्ल्याला दिला जातो. बऱ्याचदा दोष डब्यातल्या मालाचा असतो. याची तपासणी क्लँपमीटरने एका मिनिटात होते, कारण कॅपॅसिटरमधून जाणारा प्रवाह त्याच्या मायक्रोफॅरडच्या थेट प्रमाणात असतो. २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला दर दहा मायक्रोफॅरडमागे ०.७२ अँपिअर. एक फेज पाणबुडीच्या पॅनेलमधला ३६ ‘एमएफडी’चा (म्हणजे मायक्रोफॅरडचा) रनिंग कंडेन्सर सुटा करून २३० व्होल्टवर जोडला तर २.६ अँपिअर यायला हवा. दीडच आला तर त्यात वीस-एकवीस मायक्रोफॅरडपेक्षा जास्त काही नाही. थ्री फेज पंपासाठी छापलेले २ केव्हीएआर खरे असतील तर ४१५ व्होल्टला प्रत्येक फेजमध्ये सुमारे २.८ अँपिअर दिसतो. लाइन ३५० व्होल्टवर उतरलेली असेल तर त्याच प्रमाणात २.३ ते २.४. चालू लाइनवरची मोजणी वायरमननेच करावी आणि मोजून झाल्यावर कंडेन्सर रेझिस्टन्सने रिकामा करावा. मोटरच्या कंडेन्सरसाठी भारतीय मानक आयएस २९९३ आहे. फुगल्यावर आतली जोडणी तोडून घेणारा सुरक्षित प्रकार महाग पडतो, त्यामुळे त्याची खूण नुसती छापलेले आणि आत ती सोयच नसलेले डबेही विकले जातात. हे मात्र डबा कापल्याशिवाय कळत नाही.

डिजिटल आयसींमध्ये नक्कल फार वरच्या दर्जाची असते, इतकी की अंगावरून अनेकदा काहीही ओळखू येत नाही. स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीचा एफटी२३२आर हा संगणक आणि उपकरण जोडणारा आयसी याचे गाजलेले उदाहरण. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटबरोबर आलेल्या कंपनीच्या ड्रायव्हरने नकली आयसींचा ओळखक्रमांक शून्य करून टाकला आणि जगभरची उपकरणे अचानक संगणकाला दिसेनाशी झाली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. २०१६ मध्ये कंपनीने दुसरा मार्ग काढला, नकली आयसी आढळला की तो खरा नसल्याचा मजकूर डेटाच्या जागी पाठवायचा. कंपनीचा राग रास्त होता, पण शिक्षा झाली ती आयसी कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला. तेच काम करणारा चिनी सीएच३४० स्वतःच्या नावाने, कमी किमतीत उघड विकला जातो. तो स्वस्त आहे, बनावट नाही. एसटी कंपनीच्या एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या जागी चालणारा आयसी जीडी३२ हे स्वतःचे नाव लावून विकणेही गैर नाही. त्यावर एसटीचे चिन्ह टाकणे गैर. ‘चायना माल’ या एका शब्दात बाजार या दोन्ही गोष्टी एकत्र टाकतो आणि त्यामुळे प्रामाणिक स्वस्त पर्यायांचे नुकसान होते.

शेतीच्या तापमान नोंदीसाठी वापरला जाणारा डीएस१८बी२० हा सेन्सर मात्र स्वतःच स्वतःची साक्ष देतो. त्याच्या प्रत्येक नगात कारखान्यात कोरलेला आठ बाइटांचा क्रमांक असतो. खऱ्या नगांत तो २८ने सुरू होतो आणि शेवटच्या तपासणी बाइटच्या आधीचे दोन बाइट शून्य असतात. पाण्यात बुडवायच्या नळीत बसवून स्वस्तात मिळणाऱ्या सेन्सरमध्ये हा नमुना बहुधा जुळत नाही. तसे सेन्सर चालतात, पण अचूकतेची हमी त्यांना लागू नाही.

लिथियम सेल आणि सोलर पॅनेल यांत शोधायला फारसे काही नाही, कारण खोटे आकडे भौतिकशास्त्राच्या पलीकडचे असतात. १८६५० आकाराच्या चांगल्या सेलमध्ये ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच मावतात आणि त्याचे वजन ४५ ते ५० ग्रॅम भरते. ९,८०० लिहिलेला सेल किराणा दुकानाच्या काट्यावरही उघडा पडतो. झटका मशीनच्या ४० वॉटच्या पॅनेलला, वीस टक्के कार्यक्षमता धरली तरी, सुमारे ४० बाय ५० सेंटिमीटरचा सेलचा पृष्ठभाग लागतोच. त्याहून बराच लहान असेल तर मागचे स्टिकर वाचण्याची गरज नाही.

या सगळ्यापुढच्या चाचण्या प्रयोगशाळेच्या. एक्स-रेमध्ये आतला तुकडा आणि त्याला जोडलेल्या तारा दिसतात. तीव्र नायट्रिक आम्लाने प्लॅस्टिक विरघळवून तुकड्यावरचे मूळ कंपनीचे चिन्ह वाचता येते. क्ष-किरणांच्या प्रतिदीप्तीने पायांच्या मुलाम्यातले शिसे कळते. अमेरिकेच्या एसएई संस्थेची एएस५५५३ (२००९) आणि एएस६१७१ (२०१६) ही मानके अनुक्रमे खरेदीची शिस्त आणि चाचण्यांचा क्रम ठरवून देतात. केंद्राच्या एसटीक्यूसी (मानकीकरण, चाचणी व गुणवत्ता प्रमाणन) संचालनालयाची पश्चिम विभागाची प्रयोगशाळा मुंबईत आहे. पण साठ-सत्तर रुपयांच्या ट्रान्झिस्टरसाठी तिथवर कोणी जात नाही आणि जाणे शहाणपणाचेही नाही. चाचणीचा खर्च पार्टच्या किमतीशी नव्हे, तर पार्ट बिघडल्याने होणाऱ्या नुकसानीशी ताडून पाहावा लागतो. त्या हिशेबात गावातल्या दुकानाला भिंग, कॉम्पोनंट टेस्टर, क्लँपमीटर, काटा आणि बल्बची जोडणी एवढ्यातच बहुतेक माल पारखता येतो.

खरेदीत एक उपाय सगळ्या चाचण्यांच्या वर आहे : मूळ कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून घेणे. एलिमेंट१४, माउजर, डिजिकी यांच्यासारखे वितरक भारतात घरपोच माल पाठवतात. अडचण किमतीची आणि टपालखर्चाची. दोन नगांसाठी तो परवडत नाही, म्हणून जवळपासच्या गावांतल्या चार-पाच मेकॅनिकांनी एकत्र मागवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. ऑनलाइन बाजारपेठांत निरनिराळ्या विक्रेत्यांचा माल एकाच पानाखाली विकला जातो, त्यामुळे मागच्या वेळी खरा आला म्हणून पुढच्या वेळीही येईल असे नसते. ठोक दुकानातून घ्यायचेच झाले तर आधी दोन नग आणून एक भाराखाली आणि एक फोडून पाहावा, मग पन्नास घ्यावेत. अधिकृत वितरकाच्या निम्म्याहून कमी भाव सांगितला जात असेल तर तो भाव हाच पुरावा.

कायदा या विषयात आहे, पण सुट्या पार्टपर्यंत त्याचा हात नीट पोचत नाही. खोटे व्यापारचिन्ह लावणे आणि तसा माल विकणे यासाठी व्यापारचिन्ह अधिनियम १९९९च्या कलम १०३ आणि १०४ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. बंदरावरच माल अडवण्यासाठी बौद्धिक संपदा (आयात माल) अंमलबजावणी नियम २००७ आहेत. मात्र त्यासाठी कंपनीने आपले चिन्ह सीमाशुल्क खात्याकडे नोंदवलेले असावे लागते. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ पासूनच्या सक्तीच्या नोंदणीत अॅडॉप्टर, पॉवर बँक, सेल अशा तयार वस्तू येतात, आणि त्यांवरचा ‘आर-’ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. सुटा ट्रान्झिस्टर किंवा आयसी त्या यादीत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९च्या कलम ९१ मध्ये बनावट मालाच्या विक्रीला शिक्षा आहे. भरपाईची तक्रार बुलडाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. पंपाचा कंडेन्सर घेणारा शेतकरी या कायद्याने ग्राहक ठरतो. मेकॅनिकाने स्वयंरोजगारासाठी घेतलेले मीटर आणि हत्यारे त्यात बसतात, पण पुन्हा विकायला घेतलेल्या पार्टच्या बाबतीत तो ग्राहक मानला जात नाही. दोन्ही बाबतींत तक्रार उभी राहते ती पार्टचा पूर्ण नंबर आणि कंपनीचे नाव लिहिलेल्या बिलावर. ‘इलेक्ट्रॉनिक सामान, एक नग’ असे लिहिलेल्या चिठ्ठीवर काहीही सिद्ध करता येत नाही.